कुंडईच्या कारखान्यात आयएसओ ५६००१ : कल्पनेला उत्तर देण्याची पद्धत कशी बसली

गोव्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांना आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थेचं मानक सवयीचं झालं आहे. पण एखाद्या मोठ्या ग्राहकाने "नव्या कल्पनांचं तुमच्याकडे पुढे काय होतं?" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी भिंतीवरची सूचनापेटी दाखवली जाते. पेटीत चिठ्ठी पडते, वर्षातून एकदा पेटी उघडते, कुणाला तरी भेटवस्तू मिळते आणि चिठ्ठ्या फायलीत जातात. इनोव्हेशनची व्यवस्था उभी करायची म्हणजे या पेटीच्या पुढचा सगळा रस्ता बांधायचा : कल्पनेला कोण उत्तर देणार, किती दिवसांत, पैसे कुठून येणार, चाचणी कशी होणार आणि थांबवायचं कुणी. आमच्या कुंडईच्या कारखान्यात हे काम नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं आणि २०२६ च्या सुरुवातीला आयएसओ ५६००१ या इनोव्हेशन व्यवस्थेच्या मानकाच्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचलं. मराठीत यावर वाचायला जवळजवळ काही नाही, म्हणून हे तपशिलात लिहितो आहे.

कारखाना औषधांच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनवतो. इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भरणं), तीन पाळ्या, साच्यांच्या कामासाठी स्वतःची छोटी टूलरूम. पुढची उदाहरणं त्यातलीच आहेत.

आधी कागदांचा गोंधळ. आयएसओच्या ५६००० मालिकेत बरेच दस्तऐवज आहेत आणि ते सगळे एकाच कामाचे नाहीत. ५६००२ हे २०१९ चं मार्गदर्शन आहे. त्यात "करावं" अशी भाषा आहे, "केलंच पाहिजे" अशी नाही. ५६००१ सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, आणि प्रमाणपत्रासाठीच्या आवश्यकता त्यात आहेत. म्हणून कुणी "५६००२ चं सर्टिफिकेट काढून देतो" म्हणत आला तर तिथेच थांबावं. ५६००० मध्ये संज्ञा आहेत, ५६००५ बौद्धिक संपदेसाठी, ५६००७ कल्पनांच्या व्यवस्थापनासाठी, ५६००८ मोजमापासाठी. सुरुवातीला ५६००१ आणि ५६००२ एवढी दोन पुरतात. किंमत स्विस फ्रँकमध्ये असते आणि प्रत परवान्यासह येते. दुसऱ्या कंपनीकडून आलेली पीडीएफ ऑडिटरसमोर ठेवता येत नाही.

व्याख्या मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाचून दाखवावी. आयएसओच्या मते इनोव्हेशन म्हणजे नवी किंवा बदललेली अशी गोष्ट, जिच्यामुळे मूल्य प्रत्यक्षात येतं किंवा त्याचं नव्याने वाटप होतं. यातलं "प्रत्यक्षात" फार महत्त्वाचं. नुसती कल्पना व्याख्येत बसत नाही आणि प्रयोगशाळेत चाललेला नमुनाही बसत नाही. जगात पहिल्यांदाच व्हायला हवं अशी अटही नाही. तुमच्या कारखान्याला नवं असलं तरी चालतं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तफावतीचा अभ्यास झाला. त्याच काळात जुने गोवे इथे सेंट झेवियरचं शवप्रदर्शन चालू होतं (२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५). पणजी-फोंडा रस्त्यावरची गर्दी पाहता बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकांची सत्रं दुपारी ठेवावी लागली. अभ्यासाची पद्धत साधी : ५६००१ चं एकेक कलम घ्यायचं आणि समोर तीन रकाने आखायचे. आज काय होतं, त्याचा पुरावा कुठे आहे, काय नाही. ९००१ असलेल्या कारखान्याला इथे मोठा दिलासा मिळतो, कारण दोन्ही मानकांचा सांगाडा एकच आहे : संदर्भ, नेतृत्व, नियोजन, साहाय्य, कार्यवाही, मूल्यमापन, सुधारणा. दस्तऐवज नियंत्रण, अंतर्गत ऑडिट, सुधारात्मक कारवाई आणि प्रशिक्षणाच्या नोंदी या गोष्टी आहे त्याच वापरायच्या. दुसरं मॅन्युअल लिहायला घेऊ नये. जे खरोखर नसतं ते थोडं असतं, पण अवघड असतं : इनोव्हेशनचा हेतू, चालू कामांचा पोर्टफोलिओ, अनिश्चितता हाताळायची पद्धत आणि थांबवलेल्या कामांची नोंद.

हेतूचं पान जानेवारीत लिहिलं गेलं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, कारण "आम्ही नावीन्यासाठी कटिबद्ध आहोत" असं वाक्य लिहून सही होते. त्या वाक्यावरून कुठलाच निर्णय घेता येत नाही. आमच्या पानावर दोन विषय आले : पावसाळ्यात वाढणारं रिजेक्शन (दोषामुळे बाद होणारा माल) आणि साचा बदलायला लागणारा वेळ. नव्या बाजारपेठा, वेगळी उत्पादनं वगैरे मुद्दाम बाहेर ठेवली. एखादी कल्पना आपल्या कक्षेत येते की नाही हे पाळीवरच्या सुपरवायझरला ते पान वाचून सांगता आलं पाहिजे. तेवढं साधलं की ते पान पुरेसं आहे.

मग पैसा. नव्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, म्हणून तोवर मर्यादा ठरलेल्या हव्यात. प्रयोगांसाठी वेगळं खातं उघडून घ्या. देखभालीच्या खात्यातून प्रयोग केला की महिनाअखेरीस देखभालवाले हिशेब मागतात आणि प्रयोग तिथेच बंद पडतो. आमच्याकडे तीन पायऱ्या ठरल्या. ५,००० रुपयांपर्यंत पाळीचा सुपरवायझर स्वतः सही करतो, ५०,००० पर्यंत इनोव्हेशनची समिती, त्यावर एमडी. पहिली पायरी सगळ्यात जास्त उपयोगी ठरते. पत्र्याचा तुकडा, पीव्हीसीचा पडदा, एखादा सेन्सर एवढ्यासाठी वरच्या सहीची वाट पाहावी लागली नाही, तर माणसं वस्तू मागायला येतात.

कल्पनेचा फॉर्म एकाच पानाचा ठेवावा. अडचण काय, कुठल्या मशीनवर, किती वेळा होते, काय करून पाहावं आणि कशावरून कळेल की आपला अंदाज चुकला? शेवटचा प्रश्न सुरुवातीला कुणालाच आवडत नाही, पण सगळी पद्धत त्याच्यावर उभी आहे. फॉर्म देवनागरीत मराठी-कोंकणीत, रोमीतल्या (रोमन लिपीतल्या) कोंकणीत आणि हिंदीत ठेवला. कुंडईत मशीनवर फोंडा-डिचोलीचे लोक असतात तसे ओडिशा-झारखंडचेही असतात, आणि कंत्राटी कामगाराला वगळलं तर मशीनजवळ आठ तास उभ्या असणाऱ्या माणसाचंच निरीक्षण हातचं जातं. लिहिणं जमत नसेल तर सुपरवायझरने ऐकून त्याच्याच शब्दांत लिहावं. "साच्याक घाम येता" असं एकाने सांगितलं, ते तसंच लिहिलं गेलं. ती नोंद पुढे सर्वांत मोठं काम ठरली.

नियम एकच पण कडक : कामाच्या सात दिवसांत लेखी उत्तर. हो, नाही किंवा नंतर, आणि प्रत्येकाचं कारण. उत्तराखाली समितीची नव्हे, एका माणसाची सही. "नाही" ऐकून लोक फारसे दुखावत नाहीत. काहीच न कळण्याने दुखावतात, आणि मग पुढची कल्पना येत नाही. पहिल्या दोन महिन्यांत कल्पनांचा पूर येतो. त्यातल्या बऱ्याच पंखे, पाण्याचा कूलर आणि कँटीनबद्दल असतात. त्या फेकू नयेत. प्रशासनाकडे वळवून त्यांनाही सात दिवसांत उत्तर द्यावं, कारण लोक आधी त्यावरून तुमची परीक्षा घेतात.

बक्षिसांबद्दल स्पष्ट मत आहे. कल्पनेला मोठं रोख बक्षीस ठेवू नये. ही कल्पना आधी कुणाची होती यावर भांडण होतं आणि लोक एकमेकांशी बोलायचं टाळतात. पूर्ण झालेल्या चाचणीला छोटी रक्कम द्यावी, निकाल काहीही लागो, आणि ती चाचणीत हात लावलेल्या सगळ्यांत वाटावी. कंत्राटी कामगाराचा वाटा ठेकेदारामार्फत न देता थेट व्हाउचरवर द्यावा.

प्रशिक्षण मार्चमध्ये झालं. सर्जनशीलतेवरची भाषणं टाळून तीनच कौशल्यांवर वेळ घातला : मशीनजवळ उभं राहून पाहणं आणि मोजणं, कारणाच्या मुळाशी जाणं, आणि छोटी चाचणी आखणं. मोल्डिंगच्या माणसाला मशीन सोडून वर्गात बसवायचं तर रिलीव्हर (बदली माणूस) लागतो, त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावाच लागतो. पंधरवड्याला दोन तास प्रत्येक पाळीतून असं ठरलं. "वेळ मिळेल तसं करा" म्हटलं की वेळ कधीच मिळत नाही.

एप्रिलपासून कल्पना येऊ लागल्या आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला. साच्याला घाम येण्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साधारण २५ अंश येतो. साच्यातून चिलरचं (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं) १२ अंशाचं पाणी फिरत असतं. साच्याचा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेला की त्यावर पाणी धरणारच. मग झाकणावर डाग उमटतात आणि पी-२० पोलादाचा साचा असेल तर तो गंजू लागतो. चिलरचं तापमान वाढवलं तर घाम थांबतो, पण झाकण थंड व्हायला जास्त वेळ लागतो. थंड होणं हाच सायकल टाइमचा (साच्याच्या एका फेरीच्या वेळेचा) मोठा भाग असल्याने उत्पादन घटतं. पूर्ण शेडची हवा कोरडी करायची तर फोर्कलिफ्टसाठी दार सतत उघडतं. तिसरा पर्याय साच्याभोवतीच तंबू करून तेवढीच हवा कोरडी ठेवण्याचा. आतल्या हवेचा दवबिंदू १० अंशांवर आणला तर १२ अंशाच्या पाण्यावरचा साचा कोरडा राहायला हवा. २८ अंशाला याचा अर्थ सुमारे ३२ टक्के आर्द्रता.

इथे पद्धतीचा खरा उपयोग कळतो. सवयीने पहिली गोष्ट केली जाते ती डीह्युमिडिफायरचं (हवा कोरडी करणाऱ्या यंत्राचं) कोटेशन मागवणं. त्याऐवजी आधी विचारायचं : या कल्पनेत सर्वांत कच्चा दुवा कोणता? आमच्याकडे दोन होते. तंबूत हवा खरोखर तेवढी कोरडी राहील का, आणि तंबू लावून पाळीच्या लोकांना काम करता येईल का. दोन्हींची उत्तरं स्वस्तात मिळतात. पारदर्शक पीव्हीसीचे पडदे आणि कॉम्प्रेसरची ड्रायरमधून आलेली हवा, एवढ्यावर पहिली चाचणी उभी राहिली. सुपरवायझरच्या सहीतच बसली. काँप्रेस्ड हवा विजेच्या दृष्टीने फार महाग, त्यामुळे या चाचणीने फक्त "होतं का" एवढंच सांगितलं. "परवडतं का" हे तिच्यावरून काढायचं नाही. एका चाचणीला एकच प्रश्न विचारावा आणि तो फॉर्मच्या डोक्यावर लिहावा.

मोजण्यातले धोके मांडतो, कारण कुठल्याही कारखान्यात तेच येतात. पॉलिश केलेल्या पोलादाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचं दाखवतो, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि भोवतालची परावर्तित करतो. मॅट काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा, नाहीतर संपर्काचा थर्मोकपल वापरा. तंबू असलेलं आणि नसलेलं मशीन एकाच प्रकारच्या साच्यावर एकाच वेळी चालवा; आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा अशी तुलना पावसात फसते, कारण दोन आठवड्यांची हवा सारखी नसते. आठवड्याने तंबू दुसऱ्या मशीनवर न्यावा, म्हणजे मशीनचा स्वतःचा फरक गळून जातो. आणि रिजेक्शन कारणानुसार वेगळं मोजा : पाण्याचे डाग, फ्लॅश (साच्याच्या फटीतून आलेली जादा कड), अपुरा भरलेला माल. सगळं एकत्र मोजलं की तंबूचा परिणाम बाकीच्या दोषांत हरवतो.

थांबवण्याची अट चाचणीच्या आधी लिहिली होती : पाण्याच्या डागांचं रिजेक्शन निम्म्याने उतरलं नाही तर काम बंद. आधी लिहिण्याचं कारण असं की मेहनत घातलेल्या कामावर नंतर कुणालाच "नाही" म्हणवत नाही. डाग उतरले आणि तंबू पुढच्या पायरीवर गेला. अडचण आली ती साचा बदलताना. पडदे बोल्टने बसवलेले, फिटरला घाई. पुढच्या आवृत्तीत वेल्क्रो आणि टॉगल आले, झाकणं खाली पडायच्या वाटेला खालून मोकळी जागा ठेवली आणि सुरक्षा दाराच्या लिमिट स्विचला (दार बंद आहे की नाही ते ओळखणाऱ्या स्विचला) पडदा कुठूनही लागणार नाही हे सुरक्षा अधिकाऱ्याने सही करून तपासलं. ही तपासणी चाचणीच्या फॉर्मवर छापीलच असावी.

एक कल्पना थांबली, तिचाही उल्लेख हवा. झाकणाचं वजन थोडं कमी करून माल वाचवायचा विचार चांगला होता. पण औषध कंपनीने मंजूर पॅकिंग बदललं की तिला स्थिरता चाचण्या कराव्या लागतात; वेगवान चाचणीच ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने चालते. ग्राहकाशी बोलल्यावर ती "नंतर"च्या यादीत गेली, कारणासकट आणि पुन्हा पाहण्याच्या तारखेसह. ऑडिटरने पुढे सर्वांत जास्त प्रश्न याच नोंदीवर विचारले.

२७ ऑगस्टला चवथ (गणेश चतुर्थी) आली. गोव्यात त्या आठवड्यात कुठलीही बैठक, प्रशिक्षण किंवा चाचणी आखू नये. कारखान्यात माणसंच नसतात आणि आकडे अर्धवट राहतात.

चवथीनंतर पेटंटकडे वळलो. तंबूचा विषय लगेच मिटला : साच्याभोवती कोरडी हवा सोडण्याची कल्पना जगात आधीपासून माहीत आहे, भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधसेवेवर आणि युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेटवर शोधलं की कळतं. शोध फुकट आहे, वकिलाकडे जाण्याआधी स्वतः करावा. टूलरूममधल्या एका वेगळ्या रचनेसाठी मात्र तात्पुरतं (प्रोव्हिजनल) विवरण दाखल केलं. गोवा मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतं, अर्ज ऑनलाइन होतो. फॉर्म १ आणि फॉर्म २, लघु उद्योगासाठी उद्यम नोंदणीसह फॉर्म २८. लघु घटकाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. तात्पुरत्या अर्जापासून बारा महिन्यांत पूर्ण विवरण द्यावं लागतं, आणि तपासणीची विनंती फॉर्म १८ वर ३१ महिन्यांच्या आत. त्याचं शुल्क लघु घटकाला ४,००० रुपये. ही ३१ महिन्यांची मुदत मार्च २०२४ च्या नियमबदलानंतरची आहे. आधी ती ४८ होती, त्यामुळे जुनी माहिती वाचून निवांत राहू नका. वकिलाची फी या सगळ्याहून बरीच जास्त असते.

अर्जात शोधक म्हणून कामगाराचंच नाव जातं, कंपनी अर्जदार असते. त्यासाठी त्याने हक्क कंपनीला दिल्याचा पुरावा लागतो, तोही अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत. फॉर्म १ वर त्याची सही आधीच घेतली की प्रश्न राहत नाही. आणि अर्ज दाखल होईपर्यंत फोटो कुठेही जाता कामा नये. व्हॉट्सअॅप गटावर कौतुकाने टाकलेला फोटो किंवा प्रदर्शनात ठेवलेला नमुना नावीन्य घालवू शकतो. हे प्रत्येक पाळीला समजावून सांगावं लागतं, कारण फोटो टाकणारा अभिमानानेच टाकत असतो.

मोजमापाचा निर्णय ऑक्टोबरपर्यंत पक्का झाला. किती कल्पना आल्या हा आकडा आढाव्यातून काढून टाकला. तो वाढवायचा असेल तर एक घोषणा पुरते. ठेवले ते असे : पहिल्या उत्तराला लागलेले दिवस, चाचणीपर्यंत गेलेल्या कल्पनांचं प्रमाण, चाचणीवर झालेला खर्च, थांबवलेली कामं आणि थांबवण्याचं कारण, आणि वर्षभराने पाहायचं म्हणून प्रत्यक्ष वाचलेले पैसे. शेवटचा आकडा हिशेब विभागाने काढावा, कल्पना मांडणाऱ्याने नव्हे.

अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा उरकून नोव्हेंबरमध्ये पहिल्या टप्प्याचं ऑडिट झालं. हा टप्पा कागदपत्रांचा आणि तयारीचा. प्रमाणन संस्था निवडताना तिची मान्यता ५६००१ साठीच आहे का ते लेखी मागा. ९००१ ची मान्यता इथे चालत नाही. खर्च ऑडिटरच्या दिवसांवर ठरतो आणि प्रवास-मुक्काम आपल्याकडे असतो. म्हणून गोव्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात ऑडिट ठेवू नये, विमान आणि हॉटेलचे दर तेव्हा चढलेले असतात. दुसरा टप्पा जानेवारी २०२६ मध्ये घेतला.

दुसऱ्या टप्प्यात ऑडिटर केबिनमध्ये थोडा वेळ बसतो. बाकीचा वेळ तो मशीनवर असतो. रात्रपाळीच्या माणसाला विचारतो : तुम्ही कल्पना दिली तर पुढे काय होतं? एमडींना विचारतो : गेल्या वर्षात कुठलं काम थांबवलं आणि का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुणवत्ता विभागाने देऊन चालत नाही. आमच्याकडे किरकोळ विसंगती निघाल्या. एक प्रशिक्षणाच्या परिणामाची होती : लोक शिकले याची हजेरी होती, जमतं याचा पुरावा नव्हता. त्यावर सुपरवायझरने प्रत्येकाची एक पूर्ण चाचणी पाहून सही करायची असं ठरलं. किरकोळ विसंगतीला मूळ कारण आणि कारवाईची योजना लेखी द्यावी लागते. मोठी विसंगती निघाली तर ती बंद झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. योजना मान्य होऊन कागद हातात यायला काही आठवडे जातात.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि दरवर्षी देखरेख ऑडिट होतं. त्यासाठी वर्षभराच्या कल्पनांची उत्तरं, चाचण्यांचे मूळ फॉर्म (खाडाखोडीसकट), थांबवलेल्या कामांची यादी आणि पोर्टफोलिओच्या आढाव्याची इतिवृत्तं एका जागी ठेवावीत. पेटंटच्या पूर्ण विवरणाची बारा महिन्यांची तारीखही त्याच यादीत टाकून ठेवा. तंबूसाठी रोटर डीह्युमिडिफायरचं कोटेशन आता मागवलं आहे, आणि ते यंत्र मेअखेरपर्यंत बसायला हवं. जूनमध्ये ऑर्डर दिली तर पावसाचा अर्धा हंगाम तसाच जातो.